नळ, दार, खिडकी

४ फेब्रुवारी

ठकू,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र उचलावं लागत नाही. ते दाराखालून आत येतं आणि कोणी वाचेपर्यंत पडून राहतं. मला घाई नाही.

तुझं पुस्तक वाचलं. "बाबा, तुम्ही ते वाचू नका," असं तू म्हणाली होतीस आणि मी "बरं" म्हणालो होतो. माझं बरं म्हणजे ऐकलं, एवढंच. तुझ्या आईला हे लग्नानंतर लवकरच कळलं होतं. तुला अजून कळलेलं नाही, याची गंमत वाटली.

दुकानात जाऊन विकत घेतलं. दुकानदार म्हणाला, "कथा आहेत, चालतील ना?" मी सांगितलं, लेखिका माझी मुलगी आहे. तो म्हणाला, "मग चालवून घ्यावंच लागेल तुम्हाला." बरा माणूस वाटला.

तर, पहिल्या कथेतला नळ दुरुस्त केला. स्वयंपाकघरातला, जो कथाभर गळत राहतो. आई त्याच्याखाली वाटी ठेवते, वाटी भरली की ओतून पुन्हा ठेवते, आणि बाप बाहेरच्या खोलीत मोठ्याने रेडिओ लावून बसलेला असतो. वॉशर झिजला होता. नवा घातला. खाली वर्तमानपत्राचा कागद पसरून ठेवला. सकाळी कागद कोरडा होता.

दुसऱ्या कथेतलं दार. हवेत ओल असली की ते फुगतं आणि मुलगी खांद्याने ढकलून बाहेर पडते. त्याला खालून रंधा मारला. आता बोटाने उघडतं. तिसऱ्या कथेत जिन्यातला दिवा गेलेला आहे आणि तो कोणीच बदलत नाही. होल्डरच खराब होता, नुसता दिवा बदलून भागलं नसतं. दोन्ही बदललं. तुझी आई गेल्यापासून घराकडे बघायचं राहूनच गेलं होतं.

माझी सगळी नोकरी हॉस्पिटलच्या देखभाल खात्यात गेली. वॉर्डातून नर्सची चिठ्ठी यायची: नळ गळतो. खाटेचं चाक अडकतं. चिठ्ठीत कोणी उगाच काही लिहीत नसे. नळ गळतो म्हणजे नळ गळतो. मग हत्यारांची पेटी उचलायची आणि जायचं. तुझं पुस्तक मी तसंच वाचलं. चिठ्ठ्या छान लिहिल्या आहेस. आमच्या नर्सना इतक्या छान जमल्या नसत्या. त्यांना वेळही नसे.

पुस्तक आल्यापासून तू घरी आलेली नाहीस. आता येण्यासारखं झालंय.

आशीर्वाद आहेतच, वेगळे लिहीत नाही.

बाबा

१२ फेब्रुवारी

ठकू,

काल मास्तरीण आली होती. तुझी ती आत्या. माझी मात्र बहीण कमी आणि मास्तरीण जास्त. शाळेत भाषा शिकवायला लागली ते फार नंतर, त्याआधी घरात आम्हा सगळ्यांना शिकवून झालं होतं.

चहा देताना तिला नळ दाखवला. आधी तिला कळेना. कळलं तेव्हा इतकी हसली की चष्मा काढून ओट्यावर ठेवावा लागला.

"दादा, तू तो नळ दुरुस्त केलास?"

"गळत होता."

"अरे, ते प्रतीक आहे."

"कशाचं?"

"वहिनीच्या दिवसांचं. थेंब थेंब करून गेलेल्या. आणि तू त्याला वॉशर बसवलास."

"मग काय बसवायला हवं होतं?"

यावर ती हसायची थांबली आणि मला वर्गात बसवल्यासारखं समोर बसवलं. कथेतली वस्तू, म्हणे, दोन पाळ्यांत काम करते. दिवसपाळीला ती नळ असते, रात्रपाळीला आणखी काहीतरी. दिवसपाळी नीट झाली नाही, नळ नळासारखा गळलाच नाही, तर रात्रपाळीवर कोणाचा विश्वास बसत नाही. हे मला पटलं. आमच्या खात्यातही दिवसा झोपा काढणारा रात्रीही झोपतच असे.

"मग दार कशाचं?"

"या घराचं. तिला बाहेर पडायला जोर लावावा लागला."

"आणि जिन्यातला दिवा?"

"तू."

"मी?"

"तुला दिसत नव्हतं. किंवा तू दिसत नव्हतास. दोन्ही चालतं."

"दोन्ही कसं चालेल? एक काहीतरी ठरव."

"ठरवलं की संपलं, दादा. मग ते प्रतीक राहत नाही, पाटी होते."

मला पाटी चालली असती. हॉस्पिटलात पाट्यांवरच सगळं चालायचं.

जाताना चपला घालता घालता तिने जे सांगितलं, ते सांगायलाच ती आली होती. मी पुस्तक वाचतोय हे तिनेच तुला कळवलं आणि तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस. बाबांसमोर यायला मला तोंड नाही, असं तू तिला म्हणालीस. आणि दुसरं पुस्तक अर्धं सोडून दिलंस. घराबद्दल यापुढे एक ओळ लिहिणार नाही म्हणालीस. घराशिवाय दुसरं काही लिहिता येत नाही, हेही म्हणालीस.

ठकू, मी रागावलेलो नाही. मी रागावलो की सायकल पुसत बसतो, हे तुला माहीत आहे. सायकल धुळीने भरली आहे.

तू ये, किंवा इतक्यात येऊ नकोस. पण ते पुस्तक सोडू नकोस.

बाबा

२१ फेब्रुवारी

ठकू,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ: "बाबा, हात जोडते, आणखी काहीही दुरुस्त करू नका." अक्षर अजून तसंच आहे, ओळ उजवीकडे वर चढत जाते. मास्तरणीला दाखवलं. ती म्हणाली, "बरोबर आहे तिचं. तू सगळं नीट करून ठेवलंस तर ती लिहिणार कशावर?"

पण कार्ड यायच्या आत पाचव्या कथेतल्या कपाटाच्या बिजागरीला तेल देऊन झालं होतं. ते करकरायचं थांबलंय. पुढे कुठे करकर लागलीच तर कळव, तेल पुसून घेता येईल.

दुरुस्तीचं नाही, दुसरंच एक विचारायचं आहे. चौथ्या कथेतली खिडकी मला सापडत नाही.

कथेत ती स्वयंपाकघरात आहे, ओट्याच्या वर. संध्याकाळ आहे. आई हातातली सुरी तशीच धरून खिडकीशी उभी राहते. खालच्या रस्त्याने एक माणूस कुत्र्याला घेऊन चाललाय. कुत्रा प्रत्येक खांबाशी थांबतो आणि तो माणूस दर वेळी साखळी न ओढता थांबतो. ती बघत राहते. मागे कढईत कांदा करपतो.

आपल्या स्वयंपाकघराला खिडकी नाही. दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो. मला वाटलं, पूर्वी असेल आणि आपण राहायला यायच्या आधी कोणी बुजवली असेल. म्हणून हातोडीच्या दांड्याने सगळी भिंत ठोकून पाहिली. भरीव आहे.

बाकी सगळं तू लिहिलंस तसं सापडलं. ही एकच सापडत नाही, तेव्हा चूक माझ्या शोधण्यात असणार. कुठे बघू ते लिही.

बाबा

१ मार्च

ठकू,

तू काही लिहिलं नाहीस, म्हणून पलीकडे विचारायला गेलो. ओट्याच्या भिंतीपलीकडे चष्मेवाल्यांचं घर आहे. एवढी वर्षं शेजारी राहून त्यांच्या बाजूने त्या भिंतीला काय लागलंय हे मला माहीत नव्हतं. चष्मेवाले दुकान बंद करून नुकतेच येऊन बसले होते.

"तुमच्या बाजूने या भिंतीला काय आहे?" मी विचारलं.

"कपाट. का हो?"

"खिडकी काढता येईल का बघतोय."

"आमच्या कपाटात?"

वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून म्हणाल्या, "काढू द्या की त्यांना. लिंबू मागायला चपला घालून जावं लागणार नाही."

मी त्यांना कथा सांगितली. चष्मेवाले नीट ऐकतात. दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावून त्यांना थांबायची सवय झाली आहे. ऐकून झाल्यावर म्हणाले, "तुमच्या मुलीच्या खिडकीतून माणूस आणि कुत्रा दिसतो. इथून तुम्हाला माझे लेंगे दिसतील. कथा पडेल हो."

"लेंग्यांचंही प्रतीक होऊ शकतं," मी म्हटलं. मास्तरणीमुळे हल्ली असं काहीतरी तोंडून जातं.

"कशाचं?"

"ते ठरवायचं नसतं."

त्यांनी मला पाणी दिलं.

वहिनी हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी पुस्तक आधीच वाचलंय, मला म्हणाल्या नव्हत्या. "खिडकीची गोष्ट मी दोनदा वाचली," त्या म्हणाल्या. "तुमच्या मिसेस तिथे उभ्या आहेत असं दिसलंच मला. मधेच लक्षात आलं की त्या बघतायत तिथे तर आमचं कपाट आहे. पण तरी त्या दिसायच्या थांबल्या नाहीत."

"हे नंबर वाढल्याचं लक्षण आहे," चष्मेवाले म्हणाले. वहिनी हसल्या नाहीत.

घरी येऊन मी ओट्याशी उभा राहिलो. मला भिंतच दिसली. रंग देऊन बरीच वर्षं झाली आहेत, एवढं दिसलं. देणार नाही, घाबरू नकोस.

बाबा

६ मार्च

ठकू,

मास्तरणीला शेवटी सरळ विचारलं, "खिडकी कशाचं प्रतीक?" मला वाटलं तिच्याकडे उत्तर तयार असेल. तिने पुस्तक मागितलं आणि तिथेच ओट्याला टेकून कथा पुन्हा वाचली. मग पुस्तक मिटून ओट्यावरच्या भिंतीकडे बघितलं.

"दादा, नळ, दार, दिवा, कपाट, हे सगळं तिने इथून उचलून नेलं," ती म्हणाली. "ही एकच वस्तू तिने बाहेरून आणून इथे बसवली."

"का?"

"इथे दिवसाही दिवा लावावा लागतो ना."

एवढं बोलून ती भांडी जागेवर लावू लागली. भांडी जागेवरच होती.

इतके दिवस मी ती कथाही चिठ्ठी म्हणून वाचत होतो. खिडकी नाही, बसवून द्यावी. पण ती चिठ्ठी नव्हतीच. ते झालेलं काम होतं. तू येऊन, खिडकी बसवून, राडारोडा उचलून निघूनही गेली होतीस, आणि मी हातोडी घेऊन जागा शोधत होतो. तुझ्या आईला त्या खोलीत एक संध्याकाळ मिळाली. कुत्रा मिळाला जो थांबतो आणि माणूस मिळाला जो ओढत नाही. ते दोघे कोण, हे मी मास्तरणीला विचारलं नाही. मला माझं काहीतरी वाटलंय, ते राहू दे.

त्या भिंतीला मी हात लावणार नाही.

आता नळाबद्दल एक. लिहिणार नव्हतो. सुट्टीच्या दिवशी मी वॉशर बदलायला पाना काढायचो आणि तुझी आई तो माझ्या हातातून काढून घ्यायची. "आठवडाभर लोकांचे नळ बघता. आज माझ्याकडे बघा." मग नळाखाली वाटी ठेवायची, काम आवरायची आणि बाहेर येऊन बसायची. थेंबाचा आवाज चालू असताना माझ्यासारख्याला बसवत नाही, हात शिवशिवतात. म्हणून रेडिओ मोठा. तू आतल्या खोलीत अभ्यास करत असायचीस. तुला थेंब ऐकू येत असणार आणि रेडिओ ऐकू येत असणार. ती येऊन बसायची ते ऐकू येत नसणार. ती आवाज न करता बसायची.

हे माझ्याकडे होतं, ते तुला दिलं. बाकी काही नाही. तू लिहिलंस तेही खोटं नाही, वाट्या तर भरल्याच. आणि कथेतला तो माणूस मी नाही. त्याने रेडिओ त्याच्या कारणाने लावला.

बाबा

११ मार्च

ठकू,

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि मग मास्तरणीला सांगितलं. उलट करायला हवं होतं.

"पाना काढून घ्यायची ते लिहिलंस? रेडिओचंही?"

"सगळंच."

"दादा, ती आधीच म्हणतेय की तिने तुझ्यावर अन्याय केला. तू तिला पुरावा पाठवलास."

मला ते तसं दिसलंच नव्हतं. तसाच पेटीपाशी गेलो. पोस्टमन पेटी रिकामी करत होता. म्हटलं, माझं एक पत्र परत हवंय.

"टाकलेलं पत्र परत मिळत नाही, आजोबा."

"ते बघा, वरचंच आहे. माझं अक्षर आहे."

"मलाही दिसतंय. पण देता येत नाही. घरात भांडण झालंय का?"

"नाही. मिटवत होतो."

"मग तर मुळीच परत घेऊ नका," तो म्हणाला आणि त्याने पिशवीचं तोंड बांधलं.

तुझं उत्तर नाही. फोन करून पाहिला, वाजून वाजून थांबला. मास्तरीण म्हणते, आता ती सगळं फाडून टाकेल. मास्तरणीला शाळेच्या नाटकात काम न मिळाल्यापासून असं बोलायची सवय आहे, पण या वेळी मला भीती वाटली.

त्या पत्रात तुझ्याविरुद्ध काही नाही. तुझ्या आईने माझ्या हातात पाना टिकू दिला नाही, हे मला आठवायला आवडतं. ते कोणाला सांगावं असं कोणी उरलेलं नाही. मास्तरणीला सांगितलं तर ती त्याचा अर्थ लावते. तुला सांगितलं तर तू नुसतं ठेवून घेशील, असं वाटलं.

एक ओळ लिही. वर चढत गेलेली चालेल.

बाबा

१५ मार्च

ठकू,

तुझं लांब पत्र मिळालं. फोनवर बोलायला गेले की रडू येतं म्हणून उचलत नाही, असं लिहिलंयस. समजलं. फोनवर मलाही "जेवलीस का"च्या पुढे कधी जाता आलेलं नाही. तेव्हा पत्रच बरं.

आई बाहेर येऊन बसायची हे तुला माहीत नव्हतं, हे वाचून मी थोडा वेळ बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो. तू तेव्हा लहान होतीस आणि मधे दार होतं. यात अन्याय कुठे आला?

पण एक गोष्ट मला मान्य नाही. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे आणि तू नळाची कथा त्यातून काढून टाकणार म्हणतेस. प्रकाशकाला पत्र लिहून ठेवलंयस आणि माझ्या उत्तरासाठी थांबलीस. थांबलीस ते चांगलं केलंस. पुढे लिहितेस, ज्या हाताने खोटं प्रतीक लिहिलं त्या हाताने दुसरं पुस्तक कसं लिहू?

मास्तरीण म्हणते, प्रतीक खरं की खोटं हे ज्याच्या घरून वस्तू उचलली त्याला विचारायचं नसतं, वाचणाऱ्याला विचारायचं असतं. ती तुला सविस्तर लिहीलच. मी फक्त शेजारी काय झालं ते सांगतो.

वहिनींनी नळाची कथा चष्मेवाल्यांना वाचायला दिली. बोलल्या काही नाहीत, चहाच्या कपाशेजारी पान उघडून ठेवलं. त्यांनी वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याकडे पाना मागायला आले.

"नळ गळतोय का?"

"नाही हो."

"मग?"

"काहीच गळत नाही. सगळं घर बघितलं मी. पण वाचून झाल्यावर मान वर केली तर ही माझ्याकडे बघत होती. ज्या पद्धतीने बघत होती ना, मला वाटलं काहीतरी दुरुस्त करायला पाहिजे."

"काय?"

"ते कळत नाही म्हणून तर पाना मागतोय."

मी पाना दिला. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज येत होते. ठोकाठोकीचे नव्हे, बोलण्याचे. एवढ्या वर्षांत त्या भिंतीतून मी फक्त त्यांचा टीव्ही ऐकलेला आहे. शब्द कळत नव्हते. मधे एकदा वहिनी हसल्या. मग पुन्हा बोलणं. मी ओट्यापाशी उगाच कपबशी धूत राहिलो. पाना त्यांनी अजून परत केलेला नाही आणि मी मागणार नाही.

तर ठकू, तुझी कथा माझ्याबाबतीत चुकली असेल. त्यांच्या घरी ती बरोबर लागू पडली, आणि ते घर तू आतून कधी पाहिलेलं नाहीस. आणखी कुठे कुठे लागू पडेल हे तुला कळणार नाही आणि मलाही नाही. माझ्या एका घरासाठी ती बाकीच्यांकडून काढून घेऊ नकोस.

मला तिचा त्रास नाही. परवा पुस्तकाच्या दुकानावरून जात होतो तर दुकानदाराने हाक मारली. त्यालाही कथा वाचून झाल्या होत्या. म्हणाला, "रेडिओ लावून बसणारे ते तुम्हीच का?" मी म्हटलं, "नाही. त्याचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे." मग त्याने मला बसायला खुर्ची दिली आणि तुझ्याबद्दल विचारत राहिला. काय लिहितेय सध्या, म्हणाला. मी म्हटलं, लिहितेय. माझ्या तोंडून खोटं जाईल असं काही करू नकोस.

प्रकाशकाचं पत्र फाडून टाक.

बाबा

२४ मार्च

ठकू,

पत्र मिळालं. कथा राहिली, हे वाचून बरं वाटलं. दुसऱ्या पुस्तकाबद्दल काहीच लिहिलं नाहीस. मी विचारत नाही. अशा वेळी विचारू नये असं मास्तरीण म्हणते, आणि "काही लिहिलंय का तिने?" असं मला रोज विचारते.

बाकी तुझ्या पत्रात इकडचं तिकडचं. शेजारणीने दिलेलं रोप जगलं. टेबल खोलीतून काढून दाराजवळ आणलंस. मान दुखते, ती टेबलाच्या उंचीने दुखत असणार. आणि अगदी शेवटी, सहीच्या वर: "माझ्या दाराची बेल बंद पडली आहे. कोणी आलं तर मला कळत नाही."

यावर आमच्याकडे वाद चालू आहे.

"प्रतीक आहे," मास्तरीण म्हणाली.

"बेल आहे," मी म्हटलं.

"दादा, पत्राच्या शेवटी, सहीच्या वर, कोणी उगाच बेल लिहीत नाही."

"बंद पडली तर लिहितात."

"ती तुला बोलावतेय."

"बोलवायचं तर 'या' लिहिलं असतं. एक अक्षर लागतं."

"ते एक अक्षर लिहिता येत नाही, म्हणून तर पोरगी कथा लिहायला लागली."

मी म्हटलं, वायर तुटली असेल, नाहीतर बटण गंजलं असेल. ती म्हणाली, "तुझं काही होणार नाही," आणि पर्समधून गाड्यांचं वेळापत्रक काढलं. घेऊनच आली होती.

येत्या गुरुवारी सकाळच्या गाडीने निघतो, दुपारपर्यंत पोचेन. बेल असेल तर स्क्रू ड्रायव्हर, वायर आणि नवं बटण घेऊन येतो. प्रतीक असेल तर बुधवारपर्यंत कळव, म्हणजे रिकाम्या हाताने येईन. काहीच कळवलं नाहीस तर पिशवी आणतो आणि ती उघडायची की नाही ते तू सांग. मास्तरीण येत नाही. तिला वाटतं तिथे तिने अर्थ सांगत बसू नये.

बेल बंद आहे, तेव्हा दार ठोठावीन. एकदाच, आणि उभा राहीन. लिहीत असलीस तर लगेच उठू नकोस. वाक्य पुरं कर, मग उघड.

बाबा